फणसाड: गाणीवर बसून पाहिलेलं जंगल

पहिल्या सकाळी आम्हाला काहीच दिसलं नाही, आणि दोष सगळा आमचाच. आठ जणांचा घोळका, निघायलाच साडेआठ वाजलेले, त्यात वेफर्सच्या पाकिटांची कुरकुर. वाटाड्या काका तेव्हा काही बोलले नाहीत. दुपारी जेवताना म्हणाले, "उद्या चौघं चौघं चला. आणि ताई, ते केशरी जाकीट तंबूतच राहू द्या."

फणसाड हे मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात: चिखलगाण, धरणाची गाण. आमच्या चौघांची पाळी आधी होती. उजाडताना एका गाणीपाशी जाऊन बसलो. चिखलात सांबरांचे ताजे खूर उमटलेले, सांबर मात्र येऊन गेलेलं. वरून सर्पगरुडाची शीळ आली म्हणून दुर्बीण लावली, तर फांदीवर बसलेला भृंगराज कोतवाल नक्कल करत होता! शेपटीची दोन लोंबती पिसं हलवत त्याने आणखी दोन-तीन पक्ष्यांचे आवाज काढून दाखवले. शेकरूही आधी ऐकूच आलं. मान वर केली, तर ऐनाच्या शेंड्यावर तांबूस अंग आणि खाली सोडलेली झुबकेदार शेपटी.

पण मी पुन्हा जाईन ती गारंबीसाठी. मांडीएवढ्या जाडीची ही वेल पीळ घालत या झाडावरून त्या झाडावर गेलेली असते, आणि तिच्या शेंगा बघाल तर कमरेला पट्टा म्हणून बांधाव्यात एवढ्या लांब. खाली चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया पडलेल्या होत्या. आमच्यातल्या एकाने एक बी खिशात टाकली. काकांनी ती काढायला लावून जिथल्या तिथे ठेवली. अभयारण्यातून काहीही न्यायचं नसतं, बीसुद्धा नाही.

जायचं असेल तर अलिबागहून रेवदंडा, साळावचा पूल आणि पुढे सुपेगाव. मुंबईकरांनी गेटवेवरून मांडव्याची लाँच घ्यावी, पण ती पावसाळ्यात बंद असते. अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या बहुतेक एसटी किनाऱ्याने काशीदवरून जातात आणि सुपेगाव पडतं आत, त्यामुळे स्वतःची गाडी बरी. तंबू आणि जेवण आधी सांगून ठेवा, ऐनवेळी काही मिळेल या भरवशावर राहू नका. पँट मोज्यात खोचा. गोचिडी चिकटतात, आणि ते घरी गेल्यावर कळतं. पाणी माणशी दोन लिटर तरी हवंच. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, तरी अकरानंतर उकाड्याने जीव नकोसा झाला. कपडे मातकट रंगाचे घ्या, माझं जाकीट आठवून.

बिबट्या? नाही दिसला. परतताना वाटेवर त्याची विष्ठा होती, केसांनी भरलेली. सांबराचे केस, असं काका म्हणाले. आमच्यातल्या दोघांनी तिचेच दहा फोटो काढले.