कुणी न वाजवलेला गंधार

सोमवार

रात्री साडेदहाला भाच्याचा म्युनिकहून मेसेज. ‘मावशी, काम करताना लावायला काहीतरी नवीन सांग ना. शब्द नकोत, दणदणाट नको, आणि झोपही यायला नको.’ स्थळ बघताना घालतात तशा अटी.

मला विचारलं, कारण घरात हे खूळ माझंच. पतसंस्थेत हिशेब लिहिते. मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत बसावं लागतं आणि कानावर शब्द पडले की माझा हातचा विसरतो. ख्याल लावून बघितला, पण चार वर्षं गाणं शिकलेली असल्यामुळे तान आली की जीव तिकडे. मग दहा-बारा वर्षांपूर्वी हे बिनशब्दांचं, बहुतेक वेळा बिनतालाचंही, यंत्रावरचं संगीत ऐकायला लागले. अँबियंट म्हणतात त्याला. मराठी शब्द शोधून पाहिला. ‘वातावरणीय’ म्हटलं की वेधशाळेचा अंदाज वाटतो, तेव्हा अँबियंटच बरं.

‘नवीन’पाशी मात्र अडले. त्यानं यातलं काहीच ऐकलेलं नाही, म्हणजे त्याला १९७८ सालचंही नवीनच की. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराचं ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ पाठवलं. लक्ष देऊन ऐकलं तरी पुरावं आणि लक्ष दिलं नाही तरी खपावं, असं ईनोनं तेव्हा सोबतच्या टिपणात लिहून ठेवलंय. हिशेब लिहिणारीला आणखी काय हवं?

त्यातला दुसरा तुकडा माझा. नुसते बायकांचे ‘आऽ’ असे आकार, दुसरं काही नाही. प्रत्येक सूर टेपच्या स्वतंत्र वेढ्यावर. एक वेढा साडेतेवीस सेकंदांनी फिरून येतो, दुसरा सव्वीसला जरा कमी, तिसरा तिसाच्या उंबऱ्यावर. लांब्या एकमेकींत बसत नाहीत म्हणून ते सूर दर खेपेला वेगळ्या अंतरावर भेटतात. कधी दोघी एकदम येतात, कधी एकटीच येऊन जाते. त्यातून चाल तयार होते, पण ती कुणी बांधलेली नाही. ईनोनं फक्त टेपा कापल्या.

मंगळवार

उत्तर आलं. ‘छान आहे. पण काही होतच नाही गं.’

बरोबर आहे त्याचं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. म्हटलं, आवाज कमी कर आणि खिडकी उघडी ठेव.

आज ‘द एनआयडी टेप्स’ पाठवल्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, आला, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं तो बसवून दिला, आणि पुढची तीन वर्षं तिथल्या लोकांनी त्यावर मनसोक्त खेळून टेपा भरल्या. मग त्या कपाटात. २०२३ मध्ये रेकॉर्ड निघाली. त्या मंडळींत गीता साराभाई आहेत, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत समजावून सांगितलं होतं. काम करताना लावायची वस्तू नव्हे ही, सगळं चिवचिवाट आणि खरखर. पण पन्नास वर्षं कपाटात पडलेली गोष्ट नवीन नाही तर काय. शिवाय त्या वेळी अहमदाबादेत असं काही चाललं होतं हे त्याला कळू दे. मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर कळलं.

बुधवार

दिवसभर पाऊस. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, गेलीय. हवा दमट झाली की दर वर्षी हेच, तार बोलायच्या ऐवजी ठक्क करून गप्प बसते. कामावरून येताना सतारमेकरांच्या दुकानात टाकायला घेऊन गेले. छत्री एका हातात, भोपळा दुसऱ्या हाताला, आणि मिरजेचे रस्ते. कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे तानपुरा घेऊन पावसात चाललेली बाई म्हणजे गिरणीत दळण घेऊन चाललेल्या बाईसारखीच. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानातलं कानसणीचं काम आहे तसंच चाललंय.

कारागीर घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती, घासत होते. दोन-चार घाव, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोन घाव. मग घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तार उघडते. खर्ज, खालचा सा, लावला की वर, कुठून तरी, गंधार ऐकू येतो, सारेगमतला ग. स्वयंभू गंधार. तानपुऱ्याला गंधाराची तार नसतेच. पंचम, दोन जोड (मधला सा) आणि खर्ज. खर्जाच्या पाचपट कंपनांचा अंश जवारीमुळे उघडा पडतो, तो हा गंधार. माझ्या गाण्याच्या बाई शिकवायच्या तेव्हा आधी दहा मिनिटं तो ऐकायला लावायच्या आणि मला तो ऐकू यायचा नाही. पहिले सहा महिने मी खोटंच ‘हो’ म्हणत होते.

दुकानात बाकड्यावर बसल्या बसल्या ईनोच्या टेपा आठवल्या. त्या वेढ्यांतून निघणारी चालही अशीच, कुणी न वाजवलेली. मी काय आवडून घेते आणि काय दोन मिनिटांत बंद करते, याचं माझं माप हेच असावं. झोपेसाठी, ध्यानासाठी म्हणून तासन्‌तास वाजणाऱ्या त्या गुळगुळीत याद्या मला सोसत नाहीत, कारण त्यात घातलंय तेवढंच ऐकू येतं.

आणि हे नातं मी ओढूनताणून लावत नाहीये. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबर इथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. त्याच घराण्यातले, नात्यातले अब्दुल वहीद खाँ, त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली ही तिथली प्रयोगवाली मंडळी त्यांच्यापुढे तानपुरा घेऊन बसली. एकच सूर तासन्‌तास धरून त्याच्या आत काय काय आहे ते ऐकायचं, हा यंग यांचा नाद त्याआधीचाच; त्याला गुरू मिळाला. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर यंग आणि मारियन झझीला यांनी मांडलेलं ‘ड्रीम हाऊस’ आहे. खोलीभर यंत्राचे स्थिर सूर. मान जरा हलवली की ऐकू येणारा सूर बदलतो म्हणे. जायचंय एकदा. भाच्यानं तिकीट काढावं.

यातलं अर्धंच त्याला लिहिलं. जेवण करपत होतं.

गुरुवार

त्याची तक्रार: ‘आज डेडलाइन आहे, जरा ठेका असलेलं दे.’

चरणजित सिंग. मुंबईच्या हिंदी सिनेमांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं, ठेक्याचं ८०८, खालच्या सुरांचं ३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर, घेऊन बसले आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरवी, ललत, भूप, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस, सगळे एकाच चालीत धावतात. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० साली हॉलंडमधून ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि लोकांच्या लक्षात आलं की शिकागोत १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड’ म्हणून नाचाच्या संगीतात जो आवाज निघाला, तो या माणसानं पाच वर्षं आधी काढून ठेवलाय. कारण सोपं आहे. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. शिकागोच्या पोरांना ती गंमत वाटली, चरणजितना ती मींड वाटली.

माझ्या बाईंना ऐकवलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. मला पोळ्या लाटताना फार आवडतं.

शुक्रवार

आता खरोखरचं नवीन, दोन्ही २०२४ मधली.

एक, अरुशी जैन हिचं ‘डिलाइट’. मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला, सिंथेसायझर आणि तिचा स्वतःचा आवाज, पाया बागेश्रीचा. मी आधी वहीच घेऊन बसले, मध्यम कुठं, धैवत कुठं, कोमल निषाद कसा लावलाय. दोन तुकड्यांनंतर वही मिटली. ही बागेश्री मांडत नाही, बागेश्रीच्या दोन-तीन सुरांना यंत्रात सोडून त्यांचं काय होतं ते बघते. काही ठिकाणी गर्दी झालीय, थर जरा कमी असते तर चाललं असतं. पण रात्री भांडी आवरून झाल्यावर लावायला याच्यासारखं दुसरं नाही.

दुसरं, कॅली मलोन हिचं ‘ऑल लाइफ लाँग’. हे इलेक्ट्रॉनिक नाहीच, चर्चमधले जुने ऑर्गन, गायकांचा मेळ आणि पितळी वाद्यं. तरी देतेय, कारण ते ऑर्गन पंधराव्या ते सतराव्या शतकातले आहेत आणि त्यांची जुळणी जुनी, मीनटोन. आपल्या हार्मोनियमच्या जुळणीत गंधार जरा चढा असतो, म्हणून तर हार्मोनियमवर इतकी भांडणं झाली. मीनटोनमध्ये गंधाराला सांभाळायचं म्हणून पंचमाला किंचित दाबतात. म्हणजे युरोपातसुद्धा कुणीतरी कधीतरी त्याच गंधारासाठी हट्ट धरून बसलेलं होतं! हेडफोन लावून ऐकलं आणि बाईंच्या खोलीतल्या ओल्या भिंतीचा वाससुद्धा आला.

तानपुरा आला घरी. जवारी उत्तम झालीय. वाजवायला वेळ झाला नाही.

शनिवार

अर्धा दिवस ऑफिस. भाच्याला हिरोशी योशिमुरा यांचं ‘ग्रीन’ पाठवलं, १९८६ चं. हे जपानचे. इमारतीसाठी, खोलीसाठी संगीत करायचे. त्यांचं पहिलं, ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’, टोकियोच्या हारा संग्रहालयात लावलेलं असे. २००३ मध्ये ते वारले, तेव्हा जपानबाहेर त्यांना फार थोडे ओळखत होते. इतकं मोकळं संगीत मी दुसरं ऐकलेलं नाही. दोन सुरांमध्ये कुकरची शिट्टी बसते, रिक्षाचा हॉर्न बसतो, आमच्या पागोळ्या तर अशा बसतात की जणू त्यांच्यासाठीच जागा सोडलीय.

रविवार

आज फोनच केला त्यानं. ‘मावशी, हे सगळ्यात भारी. पाण्याचा आवाज काय घातलाय! आणि पक्षी.’

पाणी? मी म्हटलं, पाणी माझ्या खिडकीत आहे, रेकॉर्डमध्ये कुठलं? मग कळलं. अमेरिकेच्या बाजारासाठी तेव्हा ‘ग्रीन’ची एक वेगळी आवृत्ती काढली होती, वरून झऱ्याचे, पाखरांचे आवाज पेरलेली. माझी लिंक न उघडता यानं नाव टाकून शोधलं आणि नेमकी तीच लागली. मला उगाचच राग आला. एवढी जागा सोडलीय माणसानं आणि तुम्ही तिथं झरा आणून बसवता.

मूळची लावायला लावली. फोन चालूच. बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘आता पाणी नाही,’ तो म्हणाला. ‘खालून ट्राम गेली तेवढी ऐकू आली. चालेल का?’

चालेल म्हटलं.