मामा, खाली उतरायचं नाही

जुलैत कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पाणी 39 कडं सरकायला लागलं की आमच्या पशुखाद्य कारखान्यात फोन सुरू होतात. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तर गाड्या अडकणार, म्हणून प्रत्येक दूध संस्थेला पेंड आजच पाहिजे असते. त्यांचंही बरोबर आहे, पूर आला म्हणून म्हैस उपास धरत नाही.

अशाच दिवशी कोंड्याचा सायलो, म्हणजे माल साठवायची उंच टाकी, अडला. खालचं गेट उघडं, माल पुढं नेणारा स्क्रू कन्व्हेयर फिरतोय, मोटर रिकाम्या स्क्रूएवढाच करंट घेतीय. आणि वरच्या मॅनहोलमधून बघावं तर अर्ध्याच्या वर माल.

म्हणजे आत कमान धरली होती. मका कोरडा असला की सुळकन येतो. तेल काढलेला भाताचा कोंडा, आमच्या भाषेत डीओआरबी, तसा येत नाही. तो हलका असतो आणि जरा ओल लागली की एकमेकाला धरून बसतो. खालचा माल निघून जातो, वरचा सायलोच्या निमुळत्या बुडाच्या, म्हणजे कोनाच्या, तोंडावर अडकतो. वरून बघणाऱ्याला सपाट जमीन दिसते, पण तिच्याखाली पोकळी असते.

शिफ्ट इन्चार्जनी नेहमीचा उपाय काढला, "मामांना बोलवा." मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने हेल्पर. कमरेला दोर, हातात पहार, दोर धरायला ठेकेदाराची दोन पोरं. चपला काढून ते शिडीवर चढलेसुद्धा.

"मामा, थांबा. खाली उतरायचं नाही."

"आवो साहेब, धा मिंटाचं काम हाय. मी काय आजच उतरतोय व्हय?"

आत उतरायच्या परमिटवर देखभाल विभागाची, म्हणजे माझी सही लागते. ती मी केली नाही. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 36 सांगायचं की अशा बंदिस्त जागेत माणूस सोडायचा तर जाणकारानं आत घातक वायू नसल्याचा लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वसनयंत्र लावून उतरायचं. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. दोर होता, पण कमान फुटली की माणूस मालाबरोबर खाली जातो आणि वरून कोंडा अंगावर येतो. छातीपर्यंत गाडलेला माणूस दोन पोरांच्या ताकदीनं वर येत नाही.

इन्चार्जना हे भाषण वाटलं. मग गॅस मीटरची नळी आत सोडली. मॅनहोलच्या तोंडाशी ऑक्सिजन 20.8 टक्के. मालाजवळ गेल्यावर 17.9, आणि मीटर बोंबलायला लागला. 19.5 च्या खाली कुणी आत जायचं नसतं. ओला कोंडा आंबतो, ऑक्सिजन खातो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. "मीटर बिघडला असंल," इन्चार्ज म्हणाले. मीटर मोकळ्या हवेत धरला, 20.9. त्यावर ते फोन लावत बाजूला गेले.

मग सल्ले सुरू झाले. एकजण घण घेऊन कोन बडवायला निघाला. आमच्या कोनावर आधीच्या बडवाबडवीचे इतके पोचे आहेत की माल अडायला तेच निम्मं कारण. दुसऱ्यानं गेट बंद करून व्हायब्रेटर लावला. वाट बंद ठेवून हादरे दिले की माल आणखी घट्ट बसतो, तेवढा पळत जाऊन बंद केला. तिसरा म्हणाला, "गॅस कटरनं कोनाला भोक पाडू." कोंड्याची धूळ हवेत असताना ज्योत लावली तर सायलोच उडेल, हे सांगायला लागावं याचंच मला नवल वाटलं.

आम्ही कोनाच्या बाजूची झाकणं उघडली आणि बाहेर उभं राहून लांब पाइपनं, खालून, कडेकडेनं माल पोखरत गेलो. मध्ये टोचलं की नुसतं भोक पडतं, कमान तशीच राहते. कंटाळवाणं काम. दिवेलागणीला दणका बसला, मॅनहोलमधून धुरळा उसळला आणि ती सपाट जमीन एका झटक्यात खाली गेली. सगळीच्या सगळी.

"बघा, आला का न्हाई माल? उगंच दिवस घालवला," इन्चार्ज म्हणाले.

मामा काही बोलले नाहीत. चहाच्या वेळी कप हातात धरून विचारलं, "मग इतकी वर्सं आमाला का उतरवलं?" मी नियम सांगायला लागलो. त्यांनी नियम विचारलाच नव्हता. राग कुणावर होता मला कळलं नाही, कदाचित माझ्यावरच. अंगातलं कसब एका मीटरनं काढून घेतलं, असंही वाटलं असेल. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी काळपट, बुरशी आलेली ढेकळं निघाली. "थोडी थोडी मिसळून घालवू," असा प्रस्ताव आलाच. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 ची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे, आणि म्हशीच्या पोटात गेलेलं ते विष दुधातून बाहेर येतं. ढेकळं फेकायला लावली.

ओल आली कुठून, तर छताच्या बोल्टांचे रबरी वॉशर उन्हानं तडकलेले. त्यांची मागणी मी मे महिन्यातच दिली होती. खरेदी विभागानं "पुढच्या तिमाहीत बघू" असा शेरा मारून परत पाठवली. आता वॉशर आलेत. आठ एमएमचे. बोल्ट दहाचे आहेत.