आमची वाटचाल : स्नेहसंमेलनांपासून 'संशयकल्लोळ'पर्यंत

सोलापुरात ड्रेपरी, म्हणजे नाटक-नृत्यांसाठी लागणारी वेशभूषा, भाड्याने देण्याचा व्यवसाय वडिलांनी सुरू केला, तेव्हा त्याचा सगळा भार शाळांच्या स्नेहसंमेलनांवर होता. मावळे आणि कोळीनृत्य यांचे कपडे डिसेंबर-जानेवारीत बाहेर जात आणि उरलेले वर्ष ट्रंकांमध्ये पडून राहत. शहरातील एका हौशी नाट्यसंस्थेने गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' बसवायला घेतले आणि संपूर्ण वेशभूषा आमच्यावर सोपवली, तेव्हापासून कामाचे स्वरूप पालटले.

हे कथानक देवलांनी 1893 मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात आणले होते; पदांसह ते 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. अश्विनशेठ आणि रेवती यांचे प्रेम असो वा फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा संसार, दोन्हीकडे संशय शिरतो तो डोळ्यांना दिसलेल्या प्रसंगांवरून, आणि म्हणूनच या नाटकात कपडेपट ही केवळ सजावट राहत नाही, असे माझे ठाम मत आहे. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालाही कोणाच्या हातात काय आहे आणि कोण कोणाकडे पाहत आहे, हे तत्काळ कळायला हवे. कृत्तिकेला आम्ही घरंदाज इरकल लुगडे दिले, तर रेवतीला जरीकाठाचा शालू. तसबिरीच्या चौकटीतील काच मात्र काढून टाकली, कारण दिव्यांचा उजेड तिच्यावर पडला की चित्राऐवजी नुसती चमक दिसे.

खरा कस लागला तो गाणाऱ्या नटांचे कपडे शिवताना. कमरेची गाठ घट्ट बसली तर तान घेताना दम पुरत नाही आणि सैल ठेवली तर नऊवारीचा ओचा सुटण्याची धास्ती असते, म्हणून रेवतीचा शालू आम्ही पेटीवर पदे म्हणवून घेतच बेतला. फेट्या-पगड्यांना आतून मलमलीचे अस्तर लावले; सोलापूरच्या उन्हाळ्यात ते नसेल तर घाम थेट डोळ्यांत उतरतो.

गणवेश शिवण्याचा उद्योग शहरात मोठा असल्याने हात बसलेले कारागीर आम्हांला येथेच मिळाले. आता राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्था संहिता हाती येताच आमच्याकडे येतात. प्रत्येक कलाकाराची मापे आम्ही वहीत जपून ठेवतो आणि पहिल्या वाचनाला स्वतः उपस्थित राहतो.