तुम्ही विचारलंत म्हणून : पोरानं तिकडं वकील कसा गाठला?

अंबाजोगाईत ज्यांची लेकरं अमेरिकेत आहेत ते भेटले की मला दोनच गोष्टी विचारतात. ग्रीनकार्डाला वकील लागतोच का? अन् ह्यूस्टनएवढ्या शहरात खरा वकील ओळखायचा कसा?

लागतोच असं नाही. मुलगा तिथला नागरिक असेल आणि वय २१ किंवा पुढं असेल, तर आईवडिलांसाठीचा आय-१३० अर्ज तो स्वतः भरू शकतो. फॉर्म सरकारी साइटवर फुकट आहे, फी तेवढी भरायची. आमचं घोडं अडलं ते हिच्या कागदांवर.

हिच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला. सासूबाई सांगायच्या, पोळ्याच्या करीला झाली, पाऊस नुसता धो धो. ग्रामपंचायतीत नोंदच नाही. त्यात पोराच्या जन्मदाखल्यावर आई 'सिंधूबाई', पासपोर्टवर 'सिंधू'.

कुणीतरी पोराला एक ऑफिस सुचवलं. पाटीवर 'नोटरी'. मी इकडून फोनवर म्हणालो, मग काय, वकीलच की! आपल्याकडं साधारण दहा वर्षं वकिली केल्यावर नोटरी होता येतं, कोर्टाच्या आवारात काळ्या कोटात बसलेले असतात. तिकडं नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढी साक्ष देणारा. कायद्याचा सल्ला द्यायचा त्याला अधिकार नाही. स्पॅनिश बोलणारी माणसंही या एका शब्दापायी फसतात, कारण त्यांच्या मुलखात 'नोतारिओ' हा मोठा कायदेपंडित असतो. त्या ऑफिसवाल्यानं दोनशे डॉलर घेतले, गॅरंटी दिली, आणि वर म्हणाला, गावाकडून जन्मदाखला बनवून आणा. 'बनवून' म्हणाला तिथंच पोरगं उठलं. दोनशे गेले ते गेलेच.

मग त्यानं वकील बाई शोधल्या. नाव आधी राज्याच्या बारच्या, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या, साइटवर तपासलं. सनद चालू आहे का, काही कारवाई झालीय का, सगळं तिथं दिसतं. सनद टेक्सासचीच हवी असंही नाही, इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, त्यामुळं कुठल्याही राज्याची चालते. पैशाची ओढाताण असेल तर न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधीही असतात.

इथं रात्रीचे नऊ, तिकडं सकाळचे साडेदहा. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं ते हे, की गॅरंटी मी देत नाही. दुसरं, काहीही बनवू नका. नोंद नसल्याचा दाखला काढा, टी.सी. जोडा, जुन्या माणसांची शपथपत्रं करा, आणि १ जून कसा पडला ते जसं घडलं तसं लिहा. सिंधू नि सिंधूबाई एकच, याचंही शपथपत्र. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याची सही. अर्जासोबत त्यांनी जी-२८ लावला, म्हणजे या केसमध्ये वकील मी, असं सहीनिशी कळवलं. फॉर्म भरून देतो पण सही करत नाही म्हणणाऱ्याच्या दारात मी तरी उभा राहणार नाही.

फी झोंबली, खोटं कशाला बोलू. पण मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या कॉन्सुलेटात मुलाखतीत साहेबानं १ जूनबद्दल विचारलं तेव्हा ही एका दमात गुरुजींची गोष्ट सांगून मोकळी झाली, आणि कागदही तेच सांगत होते.

तेव्हा वकील नंतर बघा, नोंद नसल्याच्या दाखल्याचा अर्ज आधी टाका. ग्रामसेवक बाजाराच्या दिवशी हमखास सापडतो.