आमची वाटचाल: स्टार्टर पॅनेलपासून लाइनच्या रिलेपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुरुवात झाली ती मोटर स्टार्टरच्या पॅनेलपासून. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची ११ आणि ३३ केव्हीची कामे आली, मग साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीची. पत्र्याचे पॅनेल सगळेच बरे बनवतात. गिऱ्हाईक टिकले ते रिलेपर्यंत जाणाऱ्या सीटी-पीटीच्या वायरिंगवर. सीटी लाइनचा करंट आणि पीटी व्होल्टेज लहान करून रिलेला देतात; रिले त्यावरून फॉल्ट, म्हणजे बिघाड, ओळखून लाइन तोडायला लावतो.

सीटीला आम्ही २.५ चौ.मिमी तांब्याची वायर, गोल लग आणि शॉर्टिंग लिंक (सीटीची टोके जोडून ठेवणारी पट्टी) असलेले स्टड टर्मिनलच घालतो. फाट्याचा लग स्वस्त पडतो, पण नट ढिला झाला की निसटतो. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी (रिलेकडची बाजू) उघडी पडली, तर टोकांवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. पीटीचे बरोबर उलटे. तिथले ११० व्होल्ट उघडे राहिले तरी चालतात, शॉर्ट होता कामा नयेत, म्हणून एमसीबी (छोटा ब्रेकर). तो पडल्याची खबर देणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट रिलेच्या इनपुटला नेलाच पाहिजे. नाहीतर एमसीबी पडला, की डिस्टन्स रिलेला (व्होल्टेज-करंटवरून फॉल्ट किती लांब ते काढणारा) व्होल्टेज गेलेले दिसते, त्याला तो जवळचा फॉल्ट वाटतो आणि धडधाकट लाइन ट्रिप होते.

यार्डातल्या (सबस्टेशनच्या उघड्या आवारातल्या) कामांनी बर्डनचा, म्हणजे सीटीवर पडणाऱ्या भाराचा, हिशोब आधी करायची सवय लावली. यार्ड ते कंट्रोल रूम ५० मीटर धरा. जाऊन-येऊन १०० मीटर झाले, म्हणजे २.५ च्या वायरचा रोध साधारण पाऊण ओहम. ५ अँपिअरच्या सीटीवर एकट्या वायरचाच भार १८-१९ व्हीए! १५ व्हीएची सीटी तिथेच संपली. फॉल्टच्या वेळी ती लवकर सॅच्युरेट होणार, म्हणजे वाढलेला करंट रिलेला बरोबर दाखवणार नाही. १ अँपिअरच्या सीटीवर तोच भार १ व्हीएच्या आत. म्हणून नव्या कामात आमचा आग्रह १ अँपिअरचा. जुन्या ५ अँपिअरवर ६ चौ.मिमी घातली की ८ व्हीएच्या आसपास भागते. रिलेला ५पी२० सारखा (२० पट करंटपर्यंत चूक ५ टक्क्यांच्या आत) प्रोटेक्शन कोअरच द्यायचा, मीटरिंगचा नव्हे. मीटरिंगचा कोअर मीटर वाचवण्यासाठी मुद्दाम लवकर सॅच्युरेट होतो.

तिन्ही फेजच्या सीटींची टोके एकत्र जोडतात त्या स्टार पॉइंटला अर्थिंग एकाच जागी. यार्डातही आणि पॅनेलमध्येही केले, तर फॉल्टच्या वेळी दोन अर्थमधल्या फरकाने न्यूट्रलमधून भलताच करंट फिरतो. मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करताना अर्थिंगची लिंक काढावी लागते. ती परत लावली का, ही नोंद सही करून घेतो. घाईत नेमकी तीच राहते. स्टार लाइनच्या बाजूला बांधला की बसच्या, हे ड्रॉइंगवर लिहायचे आणि रिलेच्या सेटिंगमध्येही तेच टाकायचे.

लोड आल्याशिवाय काम पूर्ण धरत नाही. एका फेजचे एस१-एस२ (सीटीच्या सेकंडरीची दोन टोके) उलटे असतील, तर ४० अँपिअरच्या समतोल लोडवरही रिले ८० अँपिअर रेसिड्युअल (तिन्ही फेजची बेरीज, जी शून्य हवी) दाखवतो आणि अर्थ फॉल्ट पिकअप होतो. विजेची दिशा तपासताना मात्र हंगाम विचारावा: गाळपात कारखाना वीज बाहेर देतो, बंद हंगामात बाहेरून घेतो. मेगावॉटचे चिन्ह उलटले म्हणून कोणी वायरी फिरवू नयेत. (असे फोन येतात.)

चौकशी करताना सीटी-पीटीच्या नेमप्लेटचे फोटो, केबलची लांबी आणि जुने ड्रॉइंग असेल तर तेही पाठवा. नेमप्लेट गंजून वाचता येत नसेल, तर रेशो आणि नी पॉइंट (सीटी सॅच्युरेट व्हायला लागते ते व्होल्टेज) आम्ही जागेवर येऊन मोजतो. त्यासाठी शटडाऊन लागेल.