टीएस क्लोन अपडेट: ती किरकिर सापडली एकदाची

मागे म्हटलं होतं ना, माझ्या टीएस क्लोनमध्ये (ट्यूब स्क्रीमर या गिटार ओव्हरड्राइव्ह पेडलची नक्कल) ड्राइव्हचा नॉब तीनच्या काट्यापुढे नेला आणि पिक जोरात मारलं की नोटच्या सुरुवातीला भातात खडा लागल्यासारखी किरकिर येते, तर ती सापडली!!

सेटअप तोच, ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये सिग्नलची टोकं कापायला एका बाजूला 1एन4148 डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन लाल एलईडी सिरीजमध्ये. पहिला संशय 4558 या ऑपअँपवर, म्हणून त्याजागी टीएल072 लावला, काही फरक नाही. मग 51 पीएफचा कॅप (कपॅसिटर) काढून 100 पीएफ टाकला, म्हणजे ड्राइव्ह फुल असताना कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज कापला जातो ती फ्रीक्वेन्सी) साडेपाच किलोहर्ट्झवरून तीनच्या आत, आवाज पार मंद झाला पण किरकिर आहेच. शेवटी मित्राचा ऑसिलोस्कोप आणून ऑपअँपच्या आउटपुटवर, पिन 1 वर लावला. 4148 च्या बाजूची वेव्ह छान गोलसर, एलईडीच्या बाजूची एकदम सपाट, कोपरे धारदार. हे डायोडचं क्लिपिंगच (टोकं कापणं) नाही, ऑपअँप रेलला, म्हणजे सप्लाय व्होल्टेजच्या मर्यादेला आदळतोय!

हिशोब बघा, 9 व्होल्टवर बायस (सिग्नलची मधली पातळी) साडेचार, 4558 रेलच्या साधारण व्होल्टभर अलीकडे थांबतो, राहिले साडेतीन. दोन एलईडी एवढ्याशा करंटलाही तीन-सव्वातीन खातात आणि स्टेज नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल न उलटवणारी) असल्यामुळे त्यावर गिटारचा मूळ सिग्नल जसाच्या तसा चढतो, हंबकर पिकअपचा दणका म्हणजे अर्धा व्होल्ट सहज. संपला हेडरूम (वर जायची जागा). आणि टीएसमध्ये पिकिंगचा जीव टिकतो तो याच मूळ सिग्नलमुळे बरं का, रॅट या दुसऱ्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये डायोड ऑपअँपनंतर ग्राउंडला आहेत म्हणून तिथे तो उरत नाही.

खात्रीसाठी दोन बॅटऱ्या जोडून 18 व्होल्ट दिले (माझे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 25 व्होल्टचे आहेत, 16 वाले असतील तर हा उद्योग नको) आणि किरकिर गायब. काय सुख! जुना जपानी 4558 च हवा म्हणणाऱ्यांनो, चिप रेलला लागत नाही तोवर बोलतात ते डायोडच, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा 4558 मला पुरतो.

आता चार्ज पंप (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) टाकून कायमचं 18 वर जायचं ठरवलं होतं, पण हे टाइप करताना सुचलं की एका एलईडीच्या जागी 4148 टाकला तर त्या बाजूला सव्वादोनच्या आसपासच लागतील. थांबा, सोल्डरिंग आयर्न गरम करतो.

केलं. 9 व्होल्टवर स्वच्छ, असिमेट्रीही (दोन बाजू वेगवेगळ्या कापल्या जाणं) शाबूत, अटॅक थोडा दबला पण चालेल. चार्ज पंप रद्द. दुसरी एलईडी मात्र टॉगलवर ठेवतो, बेस गिटारवर ती किरकिर कदाचित भारी वाटेल, 1590बी या पेडलच्या डब्यात जॅकशेजारी टॉगल मावतो का ते उद्या बघतो.