तो घरचा लेझर घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. न्यू जर्सीत त्वचेवरच्या उपचारांच्या चाचण्या घेणाऱ्या एका दवाखान्यात मी समन्वयक आहे हे कळलं, की हळदीकुंकू असो नाहीतर कुणाच्या मुलाचा वाढदिवस, प्रश्न ठरलेला असतो: ‘चेहऱ्यावर फिरवायचा तो घरचा लेझर घेऊ का? खरंच सुरकुत्या जातात का?’ हो की नाही, एवढंच हवं असतं. ‘कुणावर तपासलाय ते आधी बघा’ असं म्हटलं की काहींना वाटतं मी टाळतेय, काहींना वाटतं मी कंपनीची माणूस. चाचण्यांचा खर्च बहुतेकदा कंपन्याच करतात आणि माझा पगारही त्यातूनच निघतो, हे मी कधी लपवलेलं नाही.

यंत्रं खोटी नाहीत. १४१० किंवा १४४० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो. उष्णतेचे अगदी बारीक ठिपके उमटतात, मधली त्वचा शाबूत राहते आणि भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होतं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेत परवानगी मिळालेलं पहिलं घरगुती लेझर यंत्र, पालोव्हिया, १४१०चंच. त्याच्या २०१२ साली छापून आलेल्या चाचणीत, चार आठवडे रोज वापरल्यावर ९० टक्के लोकांच्या सुरकुत्या किमान एका श्रेणीने कमी दिसल्या. नंतर वापर आठवड्यातून दोनदा ठेवल्यावर ते प्रमाण ७९ टक्क्यांवर आलं. एक श्रेणी म्हणजे नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवरची एक पायरी. नात्यातल्या लग्नात कुणी ‘किती तरुण दिसतेस’ म्हणावं, इतका तो फरक नसतो.

आणि घरच्या चाचणीत एक गाठ सहज सुटत नाही. खरं यंत्र टोचतं, गाल लाल करतं. तुलनेसाठी किरण न सोडणारं यंत्र हातात दिलं तर बाईला लवकरच संशय येतो. शिवाय चाचणीत आलेली बाई उन्हात टोपी घालायला लागते, रात्री चेहरा धुतल्याशिवाय झोपत नाही. मग फरक यंत्राचा किती आणि नेमाचा किती?

पण तुम्हाला सांगायचं आहे ते काकूंबद्दल. आमच्या एका चाचणीसाठी त्या तासभर गाडी चालवून आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, मूळच्या ठाण्याच्या. संमतीपत्राचं पान न् पान वाचून, प्रश्न विचारून सही केली. मग मी त्वचेचा प्रकार ठरवणारे प्रश्न काढले. उन्हात बराच वेळ राहिलात तर त्वचा भाजते का? सोलते का? त्या म्हणाल्या, ‘अगं, पापड-कुरडया वाळत घालताना अख्खा दिवस गच्चीवर असायचो. भाजायला काय झालंय?’ हे वर्गीकरण डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली गोऱ्या त्वचेसाठी केलं, प्रकाशोपचाराची मात्रा ठरवायला. आपल्यासारख्यांचे पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. काकू पाचव्यात बसल्या. आमच्या प्रोटोकॉलची, म्हणजे चाचणीच्या लेखी नियमांची, हद्द चौथ्यापर्यंत.

‘तुम्हाला घेता येणार नाही,’ मी म्हटलं. कारणही सांगितलं: सावळ्या त्वचेवर उष्णतेनंतर काळे डाग पडण्याची भीती जास्त असते आणि ते महिनोन् महिने राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे माझ्या सुरकुत्या मोजायच्याच नाहीत. आणि उद्या दुकानात गेले तर तिथे मला कुणी अडवेल?’

नाही अडवणार. काउंटरवर फक्त कार्ड घेतात.

या कामात आले तेव्हा मी ठामपणे म्हणायचे की वगळणं हीच काळजी. आजही त्यातलं निम्मं मला पटतं. कुणाच्या गालावर माझ्या देखरेखीखाली डाग पडावा, असं मला वाटत नाही. पण मोजमाप देखरेखीखाली झालं नाही, तर ते न्हाणीघरातल्या आरशासमोर होतं, आणि तिथे नोंद ठेवायला कुणी नसतं.

काकूंनी यंत्र विकत घेतलं. डाग पडला नाही. मला फोन करून म्हणाल्या, डोळ्यांजवळ बरं वाटतंय. आता तुम्ही म्हणाल, मग झालं की! एका चेहऱ्यावरून कसं ठरेल? दुसरीला डाग पडला असता तर तोही एकच चेहरा असता. प्रोटोकॉल लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे माझा हट्ट चालूच आहे: पाचव्या-सहाव्या प्रकाराचा वेगळा गट घ्या, कमी ऊर्जेपासून सुरुवात करा, आधी कानामागे लहानशा जागेवर बघा. ते विचारतात, डाग पडला तर त्या बाईला काय सांगशील? याला माझ्याकडे उत्तर नाही. काकूंच्या प्रश्नाला त्यांच्याकडे नाही.